खुडूक कोंबडी: एकवीस दिवस आणि पुढचे दोन महिने

देशी कोंबडी एका पाळीत बारा-पंधरा अंडी घालते आणि मग अंडी देणे थांबवून त्याच जागी ठाण मांडून बसते. तिच्याजवळ हात नेला की ती पिसे फुलवते, घशातून कुर्र आवाज काढते, वेळप्रसंगी टोचतेही. उचलून अंगणात सोडली तर दोन दाणे टिपून पुन्हा जागेवर परतते. हीच खुडूक बसलेली कोंबडी. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून या काळात प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढीव प्रमाणात स्रवते. त्यामुळे अंडाशयाचे काम थांबते, भूक कमी होते आणि पोटाखालची पिसे विरळ होऊन तिथली कातडी रक्ताने भरलेली, ऊबदार बनते. ही उघडी कातडी अंड्यांना थेट टेकते आणि सुमारे साडेसदतीस अंशांची ऊब तीन आठवडे पुरवत राहते. यंत्रात हेच साधायला वीज, पंखा, पाण्याचे तबक आणि अंडी फिरवण्याची सोय लागते.

  बालाघाट-गोंदियाकडचा सगळा टापू धानाचा. बालाघाट जिल्ह्यातल्या चिन्नोर तांदळाला 2021 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. धानाच्या मुलखात कोंबडीला लागणारे बहुतेक सगळे घरचेच असते: बसायला तणस, पिल्लांना कनकी, खुराड्यात अंथरायला तूस आणि टोपल्या-डालग्यांना जंगलातला बांबू. म्हणून सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसात, चार-सहा देशी कोंबड्या पाळणाऱ्या घराला पिल्ले विकत आणायची गरज पडू नये. तरीही पुष्कळ घरांत वर्षाकाठी कोंबड्यांची संख्या होती तेवढीच राहते. अंडी उबत नाहीत असे नाही, निघालेली पिल्ले जगत नाहीत, हे त्याचे मुख्य कारण. उबवणीची काळजी सगळेच घेतात. पिल्ले बाहेर पडल्यावर ती सैल होते. खरी मेहनत नेमकी त्याच वेळी हवी असते.

खुडूक बसण्याचा गुण आनुवंशिक आहे. जी कोंबडी खुडूक बसते ती तेवढे दिवस अंडी देत नाही, म्हणून व्यापारी जातींमधून हा गुण पिढ्यान्‌पिढ्या निवडीने काढून टाकला गेला. लेगहॉर्नसारखी पांढरी कोंबडी वर्षाला अडीचशेच्या वर अंडी देते, पण सहसा बसत नाही. देशी कोंबडीची वर्षाची अंडी चाळीस ते ऐंशीच्या घरात. मात्र ती तीन-चार वेळा खुडूक बसते आणि आपली पिढी आपणच वाढवते. झाबुआ भागातला कडकनाथ, ज्याला तिथे काली मासी म्हणतात आणि ज्याला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तो मांसासाठी नावाजलेला आहे. पण त्याच्या माद्या उबवणीला फारशा भरवशाच्या नाहीत. त्याची अंडी साध्या गावठी कोंबडीखाली ठेवणे अधिक सोयीचे. जबलपूरच्या पशुवैद्यक विद्यापीठाने कडकनाथच्या संकरातून तयार केलेली नर्मदानिधी किंवा हैदराबादची वनराजा अशा सुधारित कोंबड्या पाळणाऱ्या घरानेही दोन-तीन गावठी कोंबड्या केवळ बसवण्यासाठी राखाव्यात. असील जातीची मादी बसायला उत्तम, आई म्हणून तर फारच कडवी. तिच्या पिल्लांजवळ मांजरही सहजी फिरकत नाही.

बसवण्यासाठी कोंबडी निवडताना तिची मागची खेप आठवावी. मध्येच अंडी सोडून उठलेली, अंडी फोडून खाणारी किंवा पिल्लांना टोचणारी कोंबडी पुन्हा बसवू नये. अंगाने भरलेली, मध्यम वजनाची, एखादी खेप पार पाडलेली मादी सर्वांत चांगली. पहिलटकर तलंग बसवायचीच असेल तर तिच्याखाली थोडी अंडी ठेवावीत. बसवण्याआधी पंखांखाली आणि शेपटीच्या बुडाशी पिसे बाजूला सारून उवा, पिसवा पाहाव्यात. एरवी कोंबडी धुळीत लोळून त्या झटकते. बसल्यावर तिला तेवढी सवड मिळत नाही आणि रात्रंदिवस रक्त शोषले गेल्याने ती त्रासून उठते. पुष्कळ खेपा फसतात त्या यामुळेच. घरोघरी यावर चुलीची चाळलेली राखड चोळतात आणि टोपलीत वाळलेला कडुनिंबाचा पाला घालतात. उपद्रव जास्त असेल तर पशुवैद्याकडून भुकटी आणून बसवण्याच्या दोन दिवस आधी लावावी.

पिल्ले नको असतील आणि कोंबडी खुडूक बसलीच, तर तिची खुडूक मोडण्याचे क्रूर उपाय अजूनही चालतात. तिला थंड पाण्यात बुचकळतात, काही ठिकाणी तिच्या नाकपुडीतून पीस आरपार घालतात. या छळाची काही गरज नाही. खालून वारा लागेल अशा जाळीच्या किंवा बांबूच्या पिंजऱ्यात, उजेडात, दाणापाणी समोर ठेवून तिला तीन-चार दिवस ठेवले की पोटाखालची ऊब निघून जाते आणि ती आपोआप ताळ्यावर येते.

उबवणीची अंडी निवडण्याचे काम कोंबडी खुडूक बसण्याच्या आधीच सुरू होते. आठ-दहा माद्यांमागे एक जोमदार कोंबडा असावा. कोंबडा विकला तरी मादीच्या शरीरात बीज टिकून राहत असल्याने आठ-दहा दिवस फलित अंडी मिळतात, पुढे भरवसा नसतो. मध्यम आकाराची, गुळगुळीत कवचाची अंडी घ्यावीत. फार मोठी, लांबुडकी, तडा गेलेली वगळावीत. अंडी धुऊ नयेत. कवचावर एक पातळ नैसर्गिक थर असतो, तो जंतूंना आत शिरू देत नाही. पाण्याने तो जातो. घाण लागलेले अंडे बसवण्यासाठी न ठेवता खाण्यात वापरावे. ठेवताना रुंद बाजू वर ठेवावी, कारण हवेची पोकळी तिथे असते.

अंडी किती दिवस साठवावीत हे ऋतूवर ठरते. हिवाळ्यात आठवडाभर, फार तर दहा दिवस. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांच्या वर नको. अंड्यातला जीव वीस-एकवीस अंशांच्या वर हळूहळू वाढू लागतो. वैशाखात घरातलेच तापमान पस्तिशीच्या पुढे जाते, तेव्हा कोंबडी नसतानाही अंडी अर्धवट उबतात आणि गर्भ मरतो. ओल्या वाळूवर ठेवलेल्या मडक्यात, तोंडाला कापड बांधून ती ठेवली तर बरीच टिकतात. वळवाच्या दिवसांत विजेच्या कडकडाटाने अंडी नासू नयेत म्हणून टोपलीत लोखंडाचा खिळा किंवा कोळसा ठेवण्याची रीत काही घरांत आहे. अंडी नासतात हे खरे, पण ती त्या दिवसांतल्या उष्म्याने. म्हणूनच धानाचे खळे आटोपल्यानंतरचा काळ, कार्तिक ते माघ, या भागात बसवणीसाठी सर्वांत चांगला. हवा थंड, दाणा मुबलक, आणि पावसाळ्यात येणारे बरेचसे रोग ओसरलेले.

टोपली वीतभरापेक्षा थोडी जास्त रुंद, चार-पाच बोटे खोल असावी. तळाशी बारीक माती किंवा वाळू घालून ती मधोमध किंचित दाबावी, म्हणजे अंडी कडेला घरंगळत नाहीत. वर कुस्करलेली तणस. मातीच्या थराने दुसराही फायदा होतो. कडक उन्हाळ्यात कडेने थोडे पाणी शिंपडले की खालून ओलावा मिळतो आणि कवचाच्या आतली पापुद्री सुकून ताठ होत नाही. बांगलादेशात हाजल नावाचे मातीचे पात्र याच कामासाठी वापरतात. त्याच्या काठाला दाण्याची आणि पाण्याची वाटी जोडलेली असते, त्यामुळे कोंबडीला उठून दूर जावे लागत नाही आणि तिचे वजन कमी घटते. आपल्याकडच्या कुंभारांनी सहज करून द्यावी अशी ही वस्तू आहे.

जागा अंधारी, शांत, हवेशीर हवी. इतर कोंबड्यांची ये-जा नको. त्या येऊन त्याच टोपलीत अंडी घालतात, मग एकाच कोंबडीखाली वेगवेगळ्या दिवसांची अंडी जमतात. पहिली पिल्ले निघाली की आई त्यांना घेऊन उठते आणि उरलेली अंडी वाया जातात. यावर साधा उपाय म्हणजे बसवतानाच प्रत्येक अंड्यावर कोळशाने खूण करावी आणि बिनखुणेचे अंडे दिसले की त्याच दिवशी काढून घ्यावे.

कोंबडी रात्री बसवावी. अंधारात ती नवी जागा सहज स्वीकारते. दिवसा हलवली तर जुन्या जागेकडे धावते. नव्या टोपलीत आधी खाण्याची एक-दोन अंडी ठेवून ती दोन दिवस स्थिर बसते का पाहावे आणि मग उबवायची सगळी अंडी एकाच वेळी सरकवावीत. गावठी कोंबडीखाली दहा-बारा अंडी पुरे. थंडीत दोन कमीच ठेवावीत, कारण कडेची अंडी पंखांबाहेर राहून गार पडतात. बदकाची अंडी ठेवल्यास अठ्ठावीस दिवस धरावेत. कोंबडीच्या आणि बदकाच्या अंड्यांची एकाच वेळी सरमिसळ करू नये.

बसलेली कोंबडी दिवसातून साधारण एकदाच, पंधरा-वीस मिनिटांसाठी उठते. तेवढ्यात ती खाते, पिते, धुळीत लोळते आणि एकदम भरपूर, उग्र वासाची विष्ठा टाकते. ती उठतच नसेल तर हलकेच उचलून दाण्यापाशी सोडावी, नाहीतर ती टोपलीतच घाण करते आणि अंडी नासतात. तिला धान, मका, ज्वारी असे अख्खे दाणे द्यावेत आणि शेजारी स्वच्छ पाणी ठेवावे. ओला, मऊ खुराक पोट बिघडवतो. अंडी फिरवण्याची चिंता माणसाने करू नये. ती चोचीने आणि पायाने दिवसातून कित्येकदा त्यांची उलथापालथ करते, मधली कडेला आणि कडेची मध्ये आणते.

सातव्या रात्री अंडी उजेडात पाहावीत. पुठ्ठ्याला अंड्यापेक्षा लहान भोक पाडून त्याखाली मोबाइलची बॅटरी धरली की पुरते. जिवंत अंड्यात एका काळसर ठिपक्यापासून कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा पसरलेल्या दिसतात. आतून नितळ दिसणारे अंडे फळलेलेच नसते. रक्ताचे नुसते कडे दिसले तर गर्भ मेला असे समजावे. अशी अंडी काढून टाकावीत; राहू दिली तर ती कुजतात, एखादे फुटते आणि चांगल्या अंड्यांनाही संसर्ग होतो. चौदाव्या रात्री पुन्हा एकदा पाहावे. अठराव्या दिवसानंतर मात्र टोपलीला हात लावू नये.

शेवटच्या दोन-तीन दिवसांत अंड्यातून चिवचिव ऐकू येते आणि कोंबडी हलक्या आवाजात उत्तर देते. आई आणि पिल्ले एकमेकांचा आवाज इथेच ओळखू लागतात. विसाव्या दिवसाच्या सुमारास पिल्लू रुंद बाजूच्या हवेच्या पोकळीत चोच खुपसून पहिला श्वास घेते. मग चोचीच्या टोकावरच्या कठीण बोंडाने कवचाला टोचा मारते. टोचा पडल्यापासून बाहेर यायला बारा तास, कधी चोवीस तासही लागतात. मध्येच पिल्लू थांबते ते दमले म्हणून नव्हे. पापुद्र्यातले रक्त आणि उरलेला बलक त्याच्या शरीरात ओढला जात असतो. या वेळी कवच सोलून मदत केली तर रक्तस्राव होतो आणि पिल्लू बहुधा मरते. बलकाच्या शिदोरीवर ते जन्मानंतर दोन दिवस उपाशी राहू शकते, त्यामुळे खाऊ घालण्याचीही घाई नको. बारा अंड्यांतून नऊ-दहा पिल्ले निघाली तर खेप उत्तम म्हणावी. तेविसाव्या दिवसापर्यंत न फुटलेली अंडी काढून टाकावीत.

इथून पुढचे सहा-आठ आठवडे निर्णायक असतात. नवजात पिल्लाला स्वतःचे तापमान राखता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याला तेहेतीस-पस्तीस अंशांची ऊब लागते आणि ती आईच्या पंखांखालीच मिळते. म्हणून पहिले आठ-दहा दिवस माय-लेकरांना मोकळे सोडू नये. कोरड्या तुसावर, बांबूच्या मोठ्या डालग्याखाली त्यांना ठेवावे. पाणी उथळ ताटलीत द्यावे आणि त्यात खडे टाकावेत, नाहीतर पिल्ले भिजून गारठतात किंवा बुडतात. नुसत्या कनकीवर वाढ खुंटते, प्रथिने हवीत. बाजारातला पिल्लांचा खुराक मिळत नसेल तर मक्याचा भरडा, कोंडा आणि ढेप मिसळून द्यावी. उधई, म्हणजे वाळवी, हा फुकटचा उत्तम खुराक आहे. मडक्यात ओले शेण आणि तणस भरून ते संध्याकाळी वारुळाजवळ पालथे ठेवले की सकाळपर्यंत उधईने भरते. आई दाणा चोचीत उचलते, टाकते, पुन्हा उचलते आणि ठरावीक लयीत कुकुकु करते. काय खावे हे पिल्ले त्यावरून शिकतात. एका डालग्याच्या फटी पिल्लांपुरत्या रुंद ठेवून त्यात त्यांचा दाणा ठेवला तर मोठ्या कोंबड्या तो संपवू शकत नाहीत.

शत्रू पुष्कळ आहेत. दिवसा घार, शिक्रा, कावळा; रात्री मुंगसापेक्षा रानमांजर आणि साप यांचे भय जास्त. आकाशात घार दिसली तर कोंबडी एक वेगळा, लांब आवाज काढते आणि पिल्ले जागच्या जागी दडतात. जमिनीवरच्या धोक्याला तिचा कलकलाट निराळा असतो. पण दडायला आडोसाच नसेल तर त्या इशाऱ्याचा उपयोग काय? सांदवाडीतला वालाचा किंवा दोडक्याचा मांडव आणि कुंपणाशी रचलेल्या बोरीच्या काट्या पिल्लांना फार मोठे संरक्षण देतात. खुराड्याला बोट जाईल एवढीही फट ठेवू नये.

रोगांमध्ये सर्वांत घातक राणीखेत, म्हणजे गावची मानमोडी. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लशीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौथ्या आठवड्यात पुन्हा थेंब आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी लशीचे इंजेक्शन, असा क्रम पशुवैद्य सांगतात. अडचण वेगळीच असते. लशीची कुपी निदान शंभर पिल्लांची, विरघळवल्यावर दोनेक तासांत संपवावी लागते आणि घरी पिल्ले असतात दहा. त्यामुळे लस राहून जाते. आळीतल्या सात-आठ घरांनी आपापल्या खुडूक कोंबड्या एकाच आठवड्यात बसवल्या तर सगळ्यांची पिल्ले एकाच वेळी निघतात आणि एका कुपीत काम होते. कोंबडी आधी खुडूक बसली तरी खाण्याची दोन-चार अंडी खाली ठेवून तिला आठवडाभर तशीच बसवून ठेवता येते. पिल्लांच्या मरीवर याहून स्वस्त उपाय नाही. देवीची लस सहाव्या आठवड्यानंतर द्यावी. तो रोग डासांमुळे पसरतो. विष्ठेत रक्त दिसले तर ओल्या तुसातून येणारी रक्ती हगवण समजावी, अंथरूण बदलावे आणि लगेच पशुवैद्याकडून औषध आणावे.

साधारण सहा ते आठ आठवड्यांत पिल्लांना पुरती पिसे फुटतात आणि आई त्यांना टोचून दूर सारू लागते. ती पुन्हा कोंबड्यासोबत फिरू लागली, तुरा लालबुंद दिसू लागला की तिची नवी पाळी जवळ आली असे समजावे. पिल्ले चार आठवड्यांची असतानाच वेगळी केली तर ती लवकर अंड्यावर येते. पण त्यासाठी पिल्लांना रात्री ऊब आणि दिवसा राखण माणसाने द्यावी लागते. ती सोय नसेल तर आईलाच तिचे दोन महिने पुरे करू द्यावेत.