पावसातलं वळण आणि वेगाचं गणित

वळणावर गाडी बाहेर फेकली जाते, असं आपण म्हणतो. खरं तर तिला कोणी फेकत नाही. ती सरळ जाऊ पाहते. तिला वळवायला वळणाच्या केंद्राकडे ओढणारं अभिकेंद्री बल लागतं. सपाट रस्त्यावर ते टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणातून मिळतं.

हे बल म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले त्रिज्या. वेग दुप्पट झाला की बल चौपट लागतं. मिळू शकणारं घर्षणही वस्तुमानाच्याच प्रमाणात असतं, त्यामुळे गणितातून वस्तुमान कटतं. ‘गाडी जड आहे, घसरणार नाही’ हा भरवसा म्हणूनच फसवा.

उरतं ते असं: घर्षण गुणांक, गुरुत्वीय त्वरण (९.८) आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ म्हणजे वेगाची मर्यादा. ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर, कोरड्या रस्त्याचा गुणांक ०.७ धरला तर ती ताशी सुमारे ६७ किलोमीटर येते. ओल्या रस्त्याचा ०.४ धरला तर जेमतेम ५०. टायर झिजलेले असतील तर त्याहून कमी.

ब्रेकही याच घर्षणावर चालतो. वळणात तो जोरात दाबला, तर वळायला घर्षण कमी पडतं. म्हणून वेग वळणाआधीच कमी करावा.