चार कप्प्यांचे पोट, साडेपाच वर्षांची पदवी

आचोळ्यातल्या एखाद्या मुलीला पशुवैद्यक व्हायचे असेल, तर नालासोपाऱ्याहून लोकल पकडून परळ गाठावे. १८८६ साली सुरू झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय तिथे आहे. आज ते नागपूरच्या ‘माफसू’ विद्यापीठाचा भाग आहे.

प्रवेश ‘नीट’च्या गुणांवर. अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा, त्यात एक वर्ष इंटर्नशिप.

एमबीबीएसला एकच प्राणी शिकावा लागतो, इथे अनेक. गायीच्या पोटाला चार कप्पे असतात. घोड्याला उलटी करता येत नाही, म्हणून त्याच्या पोटशुळात नाकातून नळी घालून पोट मोकळे करावे लागते. माणसाच्या तापावरचे पॅरासिटामॉल मांजराचा जीव घेऊ शकते. आणि रुग्ण तर काहीच सांगत नाही! गाय गाभण आहे का, हे पाहायला लांब हातमोजा चढवून गुदमार्गातून गर्भाशय चाचपावे लागते. हे कसब वाचून येत नाही, हाताला सवयीनेच येते. पोटफुगीने गुदमरणाऱ्या जनावराच्या डाव्या कुशीत ट्रोकार हे टोकदार उपकरण नेमके कुठे खुपसायचे, हेही तसेच.

औषधशास्त्राची नजर गोठ्याबाहेरही जाते. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक दिलेल्या गुरांची कलेवरे खाऊन गिधाडे मेली. २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली.

पदवी मिळाली तरी पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी केल्याशिवाय व्यवसाय करता येत नाही; १९८४चा कायदा तसे सांगतो.