जुनी पॉइंट टू-टू रिव्हॉल्व्हर घ्यायची? आधी नंबर, मग नळी

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जे 'म्हणजे', 'काय आहे ना' येतं ते थोडं कापलंय, बाकी तसंच ठेवलंय.

आजचा विषय धुळ्याच्या एका मित्राने दिला. त्याच्याकडे परवाना आहे, रेंजवर नेमबाजी करतो. त्याला एक जुनी पॉइंट टू-टू टार्गेट रिव्हॉल्व्हर विकत मिळतेय. अमेरिकन बनावटीची, सहा इंची नळी, मागची साइट स्क्रूने सरकणारी. मूळ परवानाधारक वारले, वारसांना विकायचीय. मित्राचा मेसेज सरळ होता: "इसार देऊ का?"

मी कोडिंग करणारा माणूस. पण नेमबाजी आणि जुनी यंत्रं हा माझा छंद, त्यामुळे जे माहीत आहे ते क्रमाने सांगतो.

रिमफायर म्हणजे काय?

काडतुसाला पेटवणारा मसाला कुठे आहे, यावर दोन जाती पडतात. मोठ्या काडतुसांत तो बुडाच्या मधोमध, वेगळ्या टोपीत असतो. रिमफायरमध्ये तो बुडाच्या कडेत, म्हणजे रिमच्या आत गोल भरलेला असतो. हॅमर पडला की पिन ती कडा चेमटवते आणि मसाला पेटतो. कडा चेमटली पाहिजे म्हणून पितळ पातळ ठेवावं लागतं. पितळ पातळ म्हणून आत जास्त दाब चालत नाही. दाब कमी म्हणून झटका कमी, आवाज कमी, खर्चही कमी. नेमबाजीला हे काडतूस आवडतं ते यामुळेच.

ही पद्धत जुनी आहे. स्मिथ अँड वेसनची पहिली पॉइंट टू-टू रिव्हॉल्व्हर १८५७ सालची. आज सगळीकडे चालणारं पॉइंट टू-टू लाँग रायफल काडतूस १८८७ चं. आणि हे म्युझियमचं प्रकरण नाही हं. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या एशियन गेम्समध्ये २५ मीटर पिस्तुलात सोनं जिंकलं, स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझ आणलं. दोन्ही प्रकारांत काडतूस हेच, ५.६ मिलिमीटरचं रिमफायर.

आधी कागद

जळगावच्या सराफ बाजारात आपण दागिना घेतो तेव्हा आधी हॉलमार्क बघतो, मग डिझाइन. सेकंड हँड बुलेट घेताना चेसिस नंबर आरसी बुकाशी जुळवतो. इथेही तेच, फक्त चूक झाली तर पैशांवर भागत नाही.

शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम ८ सांगतं की शस्त्रावरची ओळखीची खूण, नंबर, खोडायचा नाही, बदलायचा नाही. आणि ज्याच्या ताब्यात असं खोडलेलं शस्त्र सापडेल, त्यानेच ते खोडलं असं कायदा गृहीत धरतो. नाही हे सिद्ध करायचं काम तुमचं. म्हणजे तीस वर्षांपूर्वी कुणीतरी कानस मारली असेल, तरी उत्तर आजच्या मालकाने द्यायचं.

मित्राने पाठवलेल्या फोटोत नंबर दिसतच नव्हता. या जुन्या मॉडेलांत तो बहुतेक मुठीच्या बुडाला कोरलेला असतो, आणि नंतर बसवलेली मोठी लाकडी मूठ तो झाकते. मी म्हटलं, विक्रेत्याला मूठ काढून दाखवायला सांग. मूठ काढली, नंबर स्वच्छ निघाला. पण जुन्या परवान्यावर एक आकडा वेगळा लिहिलेला! कदाचित कारकुनाच्या हाताने आठचा तीन झाला असेल. तरी मी सांगितलं की कलेक्टर ऑफिसातून लेखी दुरुस्ती येईपर्यंत एक रुपया द्यायचा नाही. वारस थोडे नाराज झाले, दुसरं गिऱ्हाईक आहे म्हणाले. जाऊ दे म्हटलं. चांगली वस्तू हातची गेली तर वाईट वाटतं, पण चुकीच्या नंबरचं शस्त्र घरात आलं तर झोप जाते. मित्र अजून त्या कागदाची वाट बघतोय.

आणखी चार गोष्टी लक्षात ठेवा:

- आधी परवाना, मग शस्त्र. जळगाव-धुळ्यात परवाना जिल्हादंडाधिकारी, म्हणजे कलेक्टर देतात.
- परवानाधारक वारला की शस्त्र आठवण म्हणून कपाटात ठेवता येत नाही. पोलीस स्टेशनला किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करावं लागतं.
- एका परवानाधारकाने दुसऱ्याला थेट विकायचं असेल तर जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं, आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबायचं.
- २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे जास्तीत जास्त २ शस्त्रं. वारसाने आलेलं शस्त्रही त्यातच मोजलं जातं.

विनापरवाना शस्त्र बाळगल्याची शिक्षा किमान २ वर्षं, ५ वर्षांपर्यंत. चोपड्याकडच्या मंडळींना सीमेपलीकडच्या उमर्टीच्या बातम्या माहीतच आहेत. गावठी कट्टा हा या भागाचा विषयच नाही. तो चालवणाऱ्याच्या हातातही फुटतो आणि आयुष्यातही.

मग वस्तू

तपासणी विक्रेत्याच्या दुकानात, त्याच्यासमोर करायची. सिलिंडर उघडून सगळी चेंबर रिकामी आहेत हे डोळ्यांनी आणि बोटाने बघायचं. नळी कायम सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरच्या बाहेर.

टायमिंग. हॅमर अंगठ्याने अगदी हळू मागे ओढा. हॅमर पूर्ण मागे जाऊन अडकण्याआधी सिलिंडर जागेवर लॉक झाला पाहिजे. प्रत्येक चेंबरला बघा, एखादंच आळशी निघतं. लॉक उशिरा होत असेल तर चेंबर आणि नळी एका रेषेत येत नाहीत आणि गोळीचं शिसं खरवडलं जातं.

खेळ. बंद सिलिंडर बोटांनी पुढे-मागे हलवा. किंचित हललं तर चालतं, खडखड वाजलं तर झीज आहे.

चेंबरची कड. ही रिमफायरची खास जागा. रिकामी रिव्हॉल्व्हर टकटक चालवत बसलं तर काही मॉडेलांत पिन थेट चेंबरच्या कडेवर आदळते आणि तिथे खड्डा पाडते. मग काडतूस नीट बसत नाही. म्हणून तुम्हीही दुकानात ट्रिगर दाबून बघू नका. हॅमर अंगठ्याने धरून हळू खाली सोडा.

चेंबरच्या आत. कुणी वर्षानुवर्षं आखूड 'शॉर्ट' काडतुसं वापरली असतील तर आत कडं तयार होतं. मग लाँग रायफलची रिकामी टोपणं अडकून बसतात.

नळी. उजेडाकडे धरून आत बघा. आटे स्पष्ट हवेत. मधेच गडद गोल कडं दिसलं तर तिथे कधीतरी गोळी अडकून नळी फुगलेली असू शकते, मग सौदा सोडा. नळीचं तोंडही बघा. रिव्हॉल्व्हर मागून साफ करता येत नाही, सळई तोंडातूनच घालावी लागते. निष्काळजी सळईने तोंडाची धार झिजते आणि नेम बिघडतो. कित्येक पॉइंट टू-टू नळ्या गोळीने नाही, सफाईने खराब होतात.

स्क्रू आणि रंग. स्क्रूच्या खाचा फाटल्यात म्हणजे कुणीतरी घरी उघडलंय. कडा गोलसर आणि कंपनीची अक्षरं पुसट असतील तर पॉलिश मारून नवा रंग चढवलाय. चकाकी जास्त, किंमत कमी.

गंज. आपल्याकडे उन्हाळ्यात सगळं कोरडं ठणठणीत, पण पावसाळ्यात चामड्याचं कव्हर ओल धरतं. कव्हरमध्ये ठेवलेली वस्तू आधी तिथेच गंजते. मूठ काढलीच आहे तर खालचं लोखंडही बघून घ्या.

एक शेवटचं: काडतूस कोणतं, हे नळीवर वाचा. पॉइंट टू-टू मॅग्नम आणि लाँग रायफल ही वेगळी काडतुसं. एकाच्या जागी दुसरं घालायचं नाही.

भावाचं काय?

परदेशी शस्त्रांची आयात सामान्य माणसाला बंद आहे, म्हणून देशात आधीपासून असलेल्या जुन्या वस्तूंना चढा भाव येतो. हा भाव दुर्मिळतेचा आहे, नेमाचा नाही. स्पर्धेत उतरायचं असेल तर आजचे नेमबाज सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल वापरतात. रॅपिड फायरमध्ये ४ सेकंदांत ५ गोळ्या ५ वेगळ्या टार्गेटवर मारायच्या असतात, तिथे जुनी रिव्हॉल्व्हर मागे पडते. ती घ्यायची तर आवडीसाठी, संथपणे नेम धरण्यासाठी.

आणि ज्यांच्याकडे परवानाच नाही पण नेमबाजी शिकायचीय, त्यांनी १० मीटर एअर पिस्तुलापासून सुरुवात करा. ४.५ मिलिमीटरपर्यंत बोअर आणि २० ज्यूलपर्यंत ताकद असलेल्या एअरगनला परवाना लागत नाही. श्वास, पकड, ट्रिगर दाबण्याची शिस्त, सगळं तिथेच शिकता येतं.

प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा. फक्त शस्त्राचा नंबर किंवा परवान्याचा फोटो कुणालाच पाठवू नका, मलाही नाही. भेटू पुढच्या भागात!