आधी श्रोते, मग तबकडी

रविवार, २३ ऑक्टोबर २००५. ब्रिटनमधील सिंगल्सच्या विक्रीची साप्ताहिक क्रमवारी जाहीर झाली, तेव्हा पहिल्या जागेवर आर्क्टिक मंकीज हे नाव होते. (सिंगल म्हणजे सुटे विकायला काढलेले गाणे.) 'आय बेट यू लुक गुड ऑन द डान्सफ्लोर' हे ते गाणे, आठवड्याचा खप सुमारे ३९ हजार. शुगाबेब्ज आणि रॉबी विल्यम्स या त्या काळच्या भरभक्कम नावांना शेफिल्डच्या एकोणीस-वीस वर्षांच्या चार पोरांनी मागे टाकले होते. पोरांच्या पाठीशी बडी कंपनी नव्हती. डोमिनो ही लॉरेन्स बेल यांनी १९९३ मध्ये काढलेली स्वतंत्र कंपनी त्यांचे गाणे विकत होती.

दुसऱ्या दिवसापासून वृत्तपत्रांनी एक सोपे उत्तर छापायला सुरुवात केली : इंटरनेटने हा चमत्कार घडवला. ते उत्तर आजही पाठ्यपुस्तकी थाटात सांगितले जाते. माझ्या मते ते अर्धेच आहे, आणि त्यातला महत्त्वाचा अर्धा भाग गळालेला आहे.

क्रम नीट पाहू. अ‍ॅलेक्स टर्नर आणि जेमी कुक हे हाय ग्रीन या शेफिल्डच्या उपनगरातले शेजारी. दोघांनाही २००१ च्या नाताळात गिटार भेट मिळाली. शाळूसोबती अँडी निकल्सन बेस गिटारवर आला. मॅट हेल्डर्सच्या वाट्याला ड्रम आले, कारण तेवढेच वाद्य शिल्लक उरले होते. १३ जून २००३ रोजी शहरातल्या 'द ग्रेप्स' या पबमध्ये पहिला कार्यक्रम झाला. त्यानंतर गावोगावच्या लहान जागांत वाजवणे सुरू झाले. टर्नर स्वतः 'बोर्डवॉक' या क्लबात दारूच्या काउंटरवर काम करत असे. (ही जागा पूर्वी 'ब्लॅक स्वान' म्हणून ओळखली जाई. 'द क्लॅश' या पंक बँडचा पहिला जाहीर कार्यक्रम ४ जुलै १९७६ रोजी तिथेच झाला होता. पण शेफिल्डकरांना अशा योगायोगांचे फारसे कौतुक नसावे.)

कळीची गोष्ट इथे आहे. बँडने गाण्यांची कच्ची ध्वनिमुद्रणे केली, ती कोऱ्या सीडींवर उतरवली आणि कार्यक्रमाला आलेल्यांना फुकट वाटली. घेणाऱ्यांनी ती संगणकावर चढवली, मित्रांना पाठवली. 'बिनीद द बोर्डवॉक' हे त्या गाण्यांच्या संग्रहाचे नावदेखील बँडने ठेवलेले नाही, ते चाहत्यांनी ठेवले. मायस्पेसवरचे त्यांचे पानही चाहत्यांनीच उघडले होते. म्हणजे इंटरनेट होते, पण ते टपालवाल्याच्या भूमिकेत होते. पत्र लिहिले गेले ते सभागृहात.

परिणाम असा झाला की, पुढच्या कार्यक्रमाला येणारा माणूस गाणी तोंडपाठ करून येऊ लागला. एकही तबकडी बाजारात नसलेल्या बँडची गाणी सगळे सभागृह एका सुरात म्हणते आहे, हे दृश्य ब्रिटिश संगीत-व्यवसायाच्या हिशेबात बसणारे नव्हते. आपल्याकडे संगीत नाटकांना 'वन्स मोअर' मिळे, तो गायकाने गाऊन दाखवल्यावर. इथे श्रोते गायकाच्या आधी सुरू होत.

हे सारे घडत असताना तोच व्यवसाय काय करत होता, हेही पाहण्यासारखे आहे. इंटरनेटवर गाण्यांची देवाणघेवाण करणाऱ्या सामान्य माणसांवर अमेरिकेत २००३ पासून आणि ब्रिटनमध्ये २००४ पासून कंपन्यांच्या संघटना खटले भरत होत्या. फुकट वाटलेले गाणे म्हणजे बुडालेली विक्री, असे त्यांचे गणित. ते गणित खरे असते, तर या बँडचा अल्बम आपटायला हवा होता. त्यातली बरीचशी गाणी वर्षभर लोकांच्या संगणकांवर पडून होती! प्रत्यक्षात २३ जानेवारी २००६ रोजी आलेल्या त्या अल्बमच्या पहिल्याच आठवड्यात ३,६३,७३५ प्रती खपल्या. पदार्पणाचा एवढा झपाट्याने खपलेला अल्बम ब्रिटनने तोवर पाहिला नव्हता.

मधल्या काळात मे २००५ मध्ये बँडने 'बँग बँग' या स्वतःच्याच नाममुद्रेखाली दोन गाण्यांची छोटी आवृत्ती काढली : ५०० सीडी आणि १,००० सात इंची तबकड्या. कंपन्यांचे हेर मागे लागले, तर त्यांना पाहुण्यांच्या यादीत हक्काची जागा देणे बँडने नाकारले. जूनमध्ये करार झाला तो डोमिनोशी. ऑगस्टमध्ये रेडिंग आणि लीड्सच्या महोत्सवांत त्यांना छोटा रंगमंच मिळाला आणि गर्दी मात्र मोठ्या रंगमंचाची जमली.

'स्वतंत्र' या शब्दाचे स्तोम मात्र माजवू नये. गीतांचे प्रकाशन-हक्क ईएमआय या बड्या घराकडे गेले होते, आणि डोमिनोही तोवर फ्रांझ फर्डिनांड बँडच्या यशावर स्थिरावली होती.

आता खुद्द गाण्याकडे. तीन मिनिटांहूनही कमी. सुरुवातीलाच गिटार आणि ड्रम एकदम तुटून पडतात, प्रस्तावना अशी नाहीच. नाचाच्या फरशीवरच्या मुलीकडे पाहणारा मुलगा, एवढाच विषय. रोमिओ-ज्युलिएटच्या दोन घराण्यांची नावे येतात, पण असले उदात्त प्रेम इथे नाही हे सांगण्यापुरती. शब्द इतके दाटीवाटीने येतात की गायकाला श्वासाची उसंत नाही. आणि ते येतात यॉर्कशरच्या अस्सल उच्चारांत. रॉक गाताना अमेरिकी वळण घेणाऱ्या ब्रिटिश गायकांची तेव्हा वाण नव्हती. टर्नर मात्र घरी बोलतो तसाच गातो. मला वाटते, शेफिल्डच्या पोरांना ही गाणी झटकन पाठ झाली याचे एक कारण हेच असावे. ध्वनिचित्रफीतही तशीच : कथा नाही, सजावट नाही, जुन्या पद्धतीच्या टीव्ही कॅमेऱ्यांसमोर चौघांनी प्रत्यक्ष वाजवलेले गाणे. टर्नर सुरुवातीला बँडचे आणि गाण्याचे नाव सांगतो आणि आपल्याविषयीच्या गाजावाजावर विश्वास ठेवू नका, असे बजावतो.

गाजावाजा थांबला नाही. २००६ चा मर्क्युरी पुरस्कार त्यांना मिळाला, पुढच्या वर्षी ग्लास्टनबरी महोत्सवात ते मुख्य रंगमंचावर प्रमुख कलावंत होते. पण तेव्हा बेस गिटारवर निक ओ'मॅली उभा होता. अल्बमला जेमतेम चार महिने होत असताना, मे २००६ मध्ये, सततच्या दौऱ्यांनी थकलेला अँडी निकल्सन उत्तर अमेरिकेच्या दौऱ्यावर येणार नाही, असे जाहीर झाले. जूनमध्ये तो बँडमधून बाहेर पडला. ज्या प्रत्यक्ष कार्यक्रमांनी चौघांना वर नेले, त्यांचाच भार चौघांपैकी एकाला झेपला नव्हता. शेफिल्डचे 'बोर्डवॉक' २०१० मध्ये बंद पडले.