रियाज (संगीत)

रियाज (‘रियाझ’ असेही लेखन आढळते) म्हणजे हिंदुस्तानी संगीतातील गायक-वादकांनी नित्यनेमाने करावयाचा सराव होय. हा शब्द अरबी ‘रियाजत’ या शब्दावरून फारसी-उर्दूमार्गे मराठीत आला. मूळ शब्दात शिस्त आणि तपश्चर्या असे दोन्ही अर्थ आहेत. मराठी गवयांच्या बोलण्यात याच अर्थाने ‘मेहनत’ हा शब्दही रूढ आहे. तालीम आणि रियाज यांत भेद केला जातो : तालीम गुरू देतो, रियाज शिष्याने करावयाचा असतो.

स्वरूप

गायकाचा रियाज परंपरेने पहाटे तानपुऱ्याच्या साथीने सुरू होतो. प्रथम खर्जसाधना, म्हणजे मंद्र सप्तकातील स्वर दीर्घ काळ स्थिर लावणे. त्यानंतर अलंकार व पलटे आणि मग रागाचे आलाप व ताना, असा साधारण क्रम असतो. पलटे आधी संथ लयीत, आकारात म्हटले जातात. प्रत्येक स्वर स्वच्छ लागल्याखेरीज लय वाढवीत नाहीत. तबलावादक एकच कायदा बराच वेळ एकाच लयीत वाजवून बोलांचा निकास तपासतो. सलग चाळीस दिवस एकांतात केलेल्या कठोर रियाजास ‘चिल्ला’ म्हणतात; ही संज्ञा सुफी साधनेतून आली आहे.

स्वरांचे क्रम पालटून गाण्याच्या पद्धतीस मेरुखंड म्हणतात. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथात खंडमेरूचे विवेचन आहे. सात स्वर प्रत्येकी एकदाच घेतल्यास ५०४० क्रम होतात. इंदूरचे अमीर खाँ यांच्या गायकीत या पद्धतीचा विशेष उपयोग दिसतो. हे सारे क्रम मैफलीत ऐकविणे हा अर्थातच हेतू नसतो. कोणत्याही स्वरावरून कोणत्याही स्वरावर गळा सहज जावा, एवढ्यासाठी ही खटपट असते.

सदोष रियाज

रोजच्या पुनरावृत्तीने जे गळ्यात बसते ते योग्यच असते असे नाही. किंचित उतरलेला निषाद रोज तासभर घोटला, तर तोही तितकाच पक्का होतो, आणि असा बसलेला दोष काढणे नव्याने शिकण्यापेक्षा कठीण जाते. म्हणून आरंभीची काही वर्षे शिष्याने गुरूच्या कानाखालूनच रियाज करावा, असा संकेत होता. अतिश्रमाने स्वरतंतूंवर गाठीही येऊ शकतात. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) यांचा आवाज उमेदीच्या काळात अतिगायनाने बिघडला आणि बदललेल्या आवाजाला साजेशी गायकी त्यांनी पुढे घडविली, असे सांगितले जाते.

विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. पुढे वर्गपद्धतीचा प्रसार झाला, तसे संगीत सामान्य घरांत पोहोचले. पण विद्यार्थी बहुतांश रियाज घरी एकट्याने करू लागला. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याने आधारस्वर आता कोठेही मिळतो. तो लावलेला स्वर चुकल्याचे मात्र सांगत नाही.

संशोधन

मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन व सहकाऱ्यांनी बर्लिनमधील व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध केला. उणिवांवर नेमके बोट ठेवून केलेल्या सरावाला त्यांनी महत्त्व दिले. माल्कम ग्लॅडवेल यांच्या २००८ मधील पुस्तकामुळे त्यातून ‘दहा हजार तासांचा नियम’ लोकप्रिय झाला. हा आपल्या अभ्यासाचा विपर्यास असल्याचे एरिक्सन यांचे म्हणणे होते. २०१४ मधील एका एकत्रित विश्लेषणात संगीतातील कौशल्यभेदांपैकी सुमारे २१ टक्के भागच अशा सरावाशी निगडित आढळला.

हे निष्कर्ष रियाजाला लावताना एक अडचण येते. मैफलीत गुरूच्या मागे तानपुरा घेऊन बसलेला शिष्य तासन्‌तास ऐकतो, मध्येच खूण मिळताच एखादा स्वर भरतो. हा काळ सरावाचा धरावा की नाही, याचे उत्तर तासांच्या हिशेबात मिळत नाही.