दिवस वाचता येतो तेव्हा

बडोद्याहून तीसेक किलोमीटरवर सावली हे तालुक्याचं गाव आहे. १७३२ साली डाकोरला पिलाजीराव गायकवाडांचा खून झाला आणि त्यांच्यावर अंत्यसंस्कार सावलीत झाले, म्हणून मराठी इतिहासात या गावाची नोंद आहे. मला मात्र सावलीच्या संदर्भात १९०६ हे साल जास्त मोलाचं वाटतं. त्या वर्षी सयाजीराव महाराजांनी बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं आणि सावलीच्या पोरांनाही कायद्यानं शाळेत बसावं लागलं. मुलांसाठी वय सात ते बारा, मुलींसाठी सात ते दहा. मुलींसाठीही सक्ती, आणि ती १९०६ मध्ये! त्याआधी १८९३ पासून अमरेलीत याचा प्रयोग करून पाहिला होता. १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी असंच विधेयक ब्रिटिश हिंदुस्थानासाठी मांडलं, तेव्हा त्यांच्यासमोर बडोद्याचा दाखला होता. विधेयक फेटाळलं गेलं. शिक्षण हक्काचा कायदा देशभर लागू व्हायला २०१० उजाडलं.

हे ज्यानं केलं तो राजा स्वतः उशिरा अक्षरं शिकला होता. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळ १८७५ मध्ये दत्तक म्हणून बडोद्याला आला तेव्हा बारा वर्षांचा होता आणि त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. वाचायला शिकणं म्हणजे काय, हे त्याला चांगलं आठवण्याइतक्या वयात कळलं. आपल्यापैकी बहुतेकांना ते आठवतच नाही, आणि म्हणूनच आपण त्याला किरकोळ समजतो.

ते किरकोळ नाही. बोलणं मूल आपोआप उचलतं. आजूबाजूला माणसं बोलत असली की पुरे. वाचन तसं येत नाही. लिपीचा शोध जेमतेम पाच हजार वर्षांचा, मेंदूच्या हिशेबात कालपरवाचा. वाचनासाठी मेंदूत जन्मतः कुठलीच जागा राखलेली नसते. म्हणून वाचायला शिकताना मेंदू दुसऱ्या कामाची जागा वापरतो. डाव्या बाजूला, खालच्या अंगाला, वस्तू आणि चेहरे ओळखणारा जो भाग आहे, त्यातला एक तुकडा अक्षरांना दिला जातो. फ्रेंच शास्त्रज्ञ स्तानिस्लास देहान यांनी हे उलगडून दाखवलं. त्यातून एक जुनं कोडंही सुटतं. पहिलीतली पोरं अक्षरं उलटी का काढतात? कारण त्या भागाला डावं-उजवं सारखंच असतं. गाय उजवीकडे तोंड करून उभी असो की डावीकडे, ती गायच. लाखो वर्षं हे शहाणपणाचं होतं. अक्षरांच्या बाबतीत मात्र ते विसरावं लागतं, आणि विसरायला वेळ लागतो.

लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर प्रौढांवर, मुख्यतः बायकांवर, झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना सहा महिने देवनागरी वाचायला शिकवलं. मेंदूची चित्रं आधी आणि नंतर काढली, तेव्हा बदल मेंदूच्या वरच्या थरापुरते राहिलेले नव्हते, खोलवरच्या जुन्या भागांतही दिसले. अक्षरं शिकल्यावर मेंदूची घडणच बदलते. तिशीतही!

आता सावलीच्या पहिलीच्या वर्गात या. गुजराती शाळांत सुरुवात बहुधा ग, म, न, ज अशा मोजक्या अक्षरांनी होते. सगळी वर्णमाला संपेपर्यंत थांबायचं नाही. चार अक्षरांतच मन, नमन, गगन, मगज असे शब्द मुलांच्या हाती लागतात. लिपीला शिरोरेषा नाही, पण ध्वनींचा क्रम आपलाच, कंठापासून ओठांपर्यंत. म्हणून बडोद्याकडची मराठी घरं दोन्ही लिप्या सहज बाळगतात.

मग मुलासमोर ‘दिवस’ हा शब्द येतो. गुजरातीत काय, मराठीत काय, तसाच लिहिला जाणारा. डोळ्याला आधी दिसते वेलांटी. पण तिचा उच्चार आधी करायचा नाही. जीभ थोपवून धरायची, पुढचा द पाहायचा, मग दोन्ही मिळून ‘दि’ म्हणायचं. मागून व येतो. शेवटी स लिहिलाय पूर्ण, म्हणायचा मात्र तोडून. मूल म्हणतं, ‘दि... व... स.’ तीन सुटे आवाज. अजून शब्द झालेला नाही. पुन्हा म्हणतं, जरा भरभर. आणि एकदम थबकतं, कारण कागदावरून आलेला आवाज आणि दोन वर्षांचं असल्यापासून तोंडात असलेला शब्द एकच आहेत, हे त्याला उमगतं. मी वाचनाचं याहून मोठं आश्चर्य जाणत नाही. हा क्षण वर्गाला एकत्र येत नाही, प्रत्येक पोराला वेगवेगळ्या दिवशी, स्वतःचा स्वतःला येतो. चाळीस मुलं असतील तर बाईंना चाळीस वेळा त्याची वाट पाहावी लागते.

आणि आलेलं वाचन टिकवावंही लागतं, नाहीतर शाळा सुटल्यावर ते विरून जातं. सयाजीरावांना हेही कळलं होतं. १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेहून विल्यम बोर्डन या ग्रंथपालांना बोलावलं, आणि त्यांच्या काळात पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या. सक्तीच्या शाळेइतकाच हा निर्णय मोठा होता, असं माझं ठाम मत आहे. त्याची आठवण काढणारे मात्र कमी.

तुमच्या घरात पहिली-दुसरीतलं मूल असेल तर दोन गोष्टी करा. एखादं अक्षर उलटं काढलं म्हणून रागावू नका. त्याचा मेंदू जुनी सवय मोडतोय. आणि रोज दहा मिनिटं त्याच्याजवळ पुस्तक घेऊन बसा, ओळीखाली बोट ठेवा, ते अडलं तरी शब्द लगेच सांगू नका.