सेवा, साक्ष, ऐक्य: सातारा-सांगलीच्या ख्रिस्ती मंडळीची कसोटी

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, अँग्लिकन, बॅप्टिस्ट अशा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली. ऐक्य, साक्ष आणि सेवा हे तिचे ब्रीद. सातारा-सांगलीचा ख्रिस्ती इतिहास पाहिला की या तीन शब्दांचा क्रम उलटा लावावासा वाटतो. या भागात मंडळीची ओळख पसरली ती सेवेतून. साक्ष त्या सेवेच्या सोबतीने उमटली आणि ऐक्याचा प्रश्न सर्वांत अवघड ठरला. म्हणून या मंडळीचे मोल सभासदांच्या नोंदवहीवरून ठरू नये. तिच्या दारातून कोणाकोणाला आत येता आले, यावरून ते ठरावे.

सेवेचा पुरावा मिरजेत आहे. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्ये भारतात आले आणि १८९४ मध्ये मिरजेत त्यांचे रुग्णालय उभे राहिले. रेल्वेचे जंक्शन असल्याने दूरदूरचे रुग्ण मिरजेला पोहोचू शकत. पण या संस्थेचे खरे वेगळेपण तिने कोणते आजार हाती घेतले यात दिसते. कुष्ठरोग्याला घरातले लोकही जवळ करत नसत, क्षयरोग्याचे नाव कुजबुजत घेतले जाई. या दोघांसाठी मिशनने वेगळी रुग्णालये उभारली. क्षयरोग्यांचे आरोग्यधाम जिथे झाले, त्या वस्तीला लोक आजही वानलेसवाडी म्हणतात. शिवाय १८९७ पासून मिरजेत भारतीय तरुणांना वैद्यकीय शिक्षण मिळू लागले. आजाऱ्याला बरे करणे ही दया झाली. इथल्याच माणसाच्या हाती ती विद्या सोपवणे हा विश्वास होता. १९६२ मध्ये मिरजेत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा त्याच्या विद्यार्थ्यांना शिकायला हेच रुग्णालय उपयोगी पडले.

यावर जुना आक्षेप आहे की ही सारी सेवा धर्मांतराचे साधन होती. मिशनचा हेतू लपलेला नव्हता. मिशन रुग्णालयांत प्रार्थना होत, शुभवर्तमान सांगितले जाई आणि ऐकणाऱ्याने ख्रिस्ताकडे यावे अशी इच्छा उघड असे. ती नाकारून मंडळीचा बचाव करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पण इच्छा आणि अट या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मिरज हे पटवर्धनांचे संस्थान होते. तिथे मिशनला टिकायचे तर लोकांचा भरवसा मिळवूनच टिकता येणार होते. पिढ्यान्‌पिढ्या हिंदू, मुसलमान, जैन, लिंगायत घरांतले रुग्ण इथे आले आणि बरे होऊन आपापल्या देवाकडे परतले. या दोन्ही जिल्ह्यांत ख्रिस्ती समाज आजही अगदी लहान आहे. औषधाच्या बदल्यात धर्म मागितला गेला असता, तर इतक्या दशकांत हे चित्र निराळे दिसले असते.

साक्षीची मराठी वाट साताऱ्यात दिसते. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. भजन आणि कीर्तन या मराठी मातीतल्या रूपांतून त्यांनी ख्रिस्तभक्ती मांडली, आणि तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो असे ते मानत. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तशिष्य तिथे एका कुटुंबासारखे असावेत, ही त्यांची कल्पना होती. परक्या पैशावर आणि परक्या चालीरीतींवर उभ्या असलेल्या मंडळीला त्यांनी आतूनच प्रश्न विचारला होता. ख्रिस्ती होणे म्हणजे मराठीपण सोडणे, या समजुतीला इतके ठाम उत्तर त्यापूर्वी क्वचितच कोणी दिले असेल.

दरबार फार काळ चालला नाही, हे खरे. ९ मे १९१९ रोजी टिळक वारले आणि त्यांच्यामागे त्या कल्पनेला तसा आधार उरला नाही. म्हणून प्रयोगच फसला असे म्हणणारे म्हणोत. पण टिळकांची गीते मराठी उपासनेत आजही गायली जातात. संस्था संपली तरी तिचे मूल्य मंडळीच्या ओठांवर राहिले. याहून गंभीर आक्षेप जातीचा आहे. गावोगावी मंडळीत आलेली बहुतेक माणसे महार आणि मांग समाजांतून आली होती. प्रभुभोजनाच्या मेजाशी सगळे समान, ही शिकवण त्यांच्यासाठी जगण्याची गोष्ट होती. तरीही सोयरिकीत आणि मानपानात जात पुरती सुटली नाही. पंथांचे ऐक्य ठरावाने झाले. माणसांचे ऐक्य ठरावाने होत नाही.

आज मिशन रुग्णालयांची परदेशी मदत आटली आहे आणि वैद्यकशास्त्र कमालीचे महागले आहे. अशा वेळी जुन्या इमारतींचा अभिमान पुरणार नाही. मिरजेने शिकवलेला विश्वास आणि साताऱ्याने शिकवलेले स्वावलंबन या दोहोंची आता एकत्र गरज आहे. रुग्णसेवेचा भार इथल्या समाजाने उचलावा, आणि मंडळीने आपल्या घरातली जात आधी मोडावी. ज्या मंडळीने कुष्ठरोग्याला आत घेतले, तिला आपल्याच भावंडांना घरात बरोबरीने बसवणे अशक्य नाही. ते झाले, तरच ऐक्य हा शब्द तिच्या ब्रीदात शोभेल.